बावीस इंचांचं स्वातंत्र्य

लार्चमीअर ॲव्हेन्यूवरचं प्रत्येक घर स्वतंत्र आहे. किती स्वतंत्र, हे मात्र कुणी विचारायचं नसतं. चौदा नंबर आणि सोळा नंबर यांच्यामध्ये बावीस इंचांची फट आहे, आणि चौदा नंबरचे मालक लेनर्ड हॅपगुड यांच्या मते बावीस इंच पुष्कळ झाले. स्वातंत्र्य इंचांत मोजणं हा कोतेपणा आहे, असं ते म्हणत. फट मात्र त्यांनी तीनदा मोजली होती.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. लंडनबाहेरच्या या उपनगरात माणसाची पत त्याच्या भिंतींवरून ठरते. रांगेतल्या घरात राहणाऱ्याच्या दोन भिंती दुसऱ्याच्या, जोडघरात राहणाऱ्याची एक दुसऱ्याची, आणि स्वतंत्र घरवाल्याच्या चारी भिंती त्याच्या बापाच्या. हॅपगुडसाहेबांचं लहानपण रांगेतल्या घरात गेलं होतं. तिथे डावीकडचे म्हातारबुवा खोकले की यांच्या कपाटातल्या बश्या वाजत. त्यामुळे रोज संध्याकाळी ऑफिसातून आलं की ते आधी घराला एक चक्कर मारत. फटीपाशी पोचले की जरा थांबत, आत डोकावत आणि आपल्या घराला कुणाचा स्पर्श झालेला नाही याची खात्री करून चहाला जात.

एवढंच नव्हे, तर ते ‘लार्चमीअर ॲव्हेन्यू स्वतंत्र घरमालक संघा’चे मानद सचिव होते. तीन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या जोडघरातल्या दोन कुटुंबांनी सभासदत्वासाठी अर्ज केला, तेव्हा संघाची घटना वाचवण्यासाठी नियम चार त्यांनीच लिहिला: ज्याच्या घराचा ‘कोणताही भाग’ शेजारच्या घराला चिकटलेला असेल, त्यास सभासद होता येणार नाही. ‘कोणताही भाग’ या दोन शब्दांवर ते एक रविवार खपले होते. संघाच्या अध्यक्ष पिनॉकबाई समोरच राहत, आणि त्यांनी या शब्दांचं भर सभेत कौतुक केलं होतं.

पुढचं सगळं रामायण घडलं ते एका विजारीमुळे. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी जोराचा वारा सुटला आणि विनिफ्रेडबाई हॅपगुड यांनी दोरीवर वाळत घातलेली नवऱ्याची लोकरीची आतली लांब विजार उडून थेट फटीत गेली. गेली ती गेली, आणि सोळा नंबरच्या छपराचं पाणी उतरवणाऱ्या नळाला पाय पसरून लटकली. म्हणजे ती आता टफनेलसाहेबांच्या अकरा इंचांत होती. फटीच्या बरोबर मधून हद्द जाते; अकरा इंच यांचे, अकरा त्यांचे.

“दांडक्यानं ओढ,” विनिफ्रेडबाई म्हणाल्या.

“दुसऱ्याच्या हद्दीत दांडकं घालायचं?”

“मग जाऊन त्यांना सांग.”

“काय सांगू? मिस्टर टफनेल, माझी विजार द्या?”

टफनेलसाहेब सात वर्षं शेजारी होते, आणि या सात वर्षांत दोघांचं हवामान सोडून दुसऱ्या कशावरही बोलणं झालेलं नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत मिसेस टफनेल वारल्या, तेव्हा हॅपगुड मंडळींनी काळ्या किनारीचं कार्ड पोस्टानं पाठवलं होतं, आणि त्याचे आभारही पोस्टानंच आले होते. इतक्या सभ्य संबंधांत एकदम विजार आणायची म्हणजे भलतंच झालं असतं.

तेव्हा हॅपगुडसाहेब स्वतः फटीत शिरले. माणूस आडवा होऊन चालला तर बावीस इंचांत सहज मावतो. पण मध्ये तो नळ होता, आणि नळापाशी सोळाच इंच उरत. हॅपगुडसाहेबांची छाती सोळा इंचांत गेली. पोट गेलं नाही. पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि विजार नाकापासून वीतभर अंतरावर वाऱ्यावर हलत होती.

तेवढ्यात फटीच्या तोंडाशी टफनेलसाहेब आले. उंच, वाळका माणूस. हातात दुधाची बाटली. त्यांनी आत पाहिलं. हॅपगुडसाहेबांनीही मान वळवता येईल तितकी वळवली.

“गुड मॉर्निंग, मिस्टर हॅपगुड. वारा आहे आज.”

“हो ना. पण दुपारनंतर पडेल असं वाटतं.”

“पडला तर बरंच आहे.”

“अगदी.”

टफनेलसाहेबांनी जरा घोटाळून टोपीला हात लावला आणि ते आपल्या घरात गेले. एखादा माणूस भिंतीत अडकला आहे की स्वखुशीनं उभा आहे, असं त्यालाच विचारायचं म्हणजे फार जवळीक झाली. त्यांनी आत जाऊन पिनॉकबाईंना फोन केला, हे नंतर कळलं.

पिनॉकबाई आल्या त्या अंगाला चोपडायला मार्गारिनचा डबा आणि सल्ले घेऊन. सल्ले जास्त होते.

“लेनर्ड, श्वास सोडा. सगळा सोडा. आता परत घेऊ नका.”

“किती वेळ?”

“बोलू नका, बोलताना घेताय तुम्ही.”

“उकडलेले बटाटे,” विनिफ्रेडबाई मागून म्हणाल्या. “मी ईस्टरपासून सांगतेय याला.”

शेवटी मार्गारिन नव्हे, भांडी घासायचा साबण कामी आला. हॅपगुडसाहेब बाटलीतल्या बुचासारखे आवाज करत बाहेर आले, तेव्हा रस्त्यावर सात माणसं आणि दोन कुत्री जमली होती. स्वेटरची तीन बटणं आत राहिली. विजारही राहिली. कुणी हसलं नाही. लार्चमीअर ॲव्हेन्यूवर कुणी तोंडावर हसत नाही. पुढे आठवडाभर सगळे फक्त तब्येतीची चौकशी करत होते, आणि तेच हॅपगुडसाहेबांच्या फार जिव्हारी लागलं.

फट बंद करायची असं त्यांनी ठरवलं. पुढून एक दार बसवलं की संपलं. पण दार अर्धं दुसऱ्याच्या हद्दीत येणार, म्हणजे संमती हवी. त्यांनी टफनेलसाहेबांना दोन पानी पत्र लिहिलं, तिकीट लावलं, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. पत्र सहा मैलांवरच्या टपाल केंद्रात जाऊन दुसऱ्या दिवशी बावीस इंच पलीकडे पोचलं. उत्तरही असंच फिरून आलं: कल्पना उत्तम आहे, माझी हरकत नाही, फक्त आमच्या घराचा रंग फिकट पिवळा असल्यानं दाराचा माझा अर्धा भाग त्या रंगात असावा. हॅपगुडसाहेबांचं घर हिरवं. तेव्हा दार अर्धं हिरवं आणि अर्धं पिवळं झालं, आणि पोस्टमननं तीन नंबरच्या घरात विचारलं की ते कसल्या दुकानाचं आहे.

दार बसलं आणि वारा मागून यायला लागला. म्हणून मागेही एक दार बसलं. (पत्र, तिकीट, पेटी, उत्तर.) दोन्ही बाजू बंद झाल्या, तेव्हा झाडांची पानं वरून पडायला लागली. पूर्वी पानं एका बाजूनं येत आणि दुसरीकडून निघून जात. आता आलेल्या पानाला जायला वाट नव्हती. महिन्याभरात गुडघाभर कचरा साचला, तो भिजला, आणि विनिफ्रेडबाईंच्या स्वयंपाकघराची हवेची जाळी फटीत उघडत असल्यामुळे त्याचा वास थेट रविवारच्या भाजलेल्या मटणात यायला लागला.

“वरून झाका,” पिनॉकबाईंनी सल्ला दिला. “पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा मिळतो. माझ्या भाच्यानं कोंबड्यांवर घातलाय.”

कोंबड्यांची तुलना हॅपगुडसाहेबांना आवडली नाही, पण पत्रा घातला. एक कड आपल्या भिंतीला स्क्रूनं आवळली, दुसरी टफनेलसाहेबांच्या. दोन दारं, वर छप्पर, खाली झाडून स्वच्छ केलेली फरशी. नळावरची विजारही निघाली. हॅपगुडसाहेबांनी हात झटकले. इथे थांबले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण त्यांच्यासारखा माणूस थांबत नाही. परवानगीशिवाय आपण काहीतरी बांधलंय, या विचारानं त्यांना जेवण जाईना. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी करणारही नव्हतं, पत्रा रस्त्यावरून दिसतही नव्हता. तरी त्यांनी नगरपालिकेत जाऊन फॉर्म आणला आणि चार प्रतींत भरला. ‘बांधकामाची रुंदी’ या रकान्यात बावीस इंच असं लिहिल्यावर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “फूट म्हणायचंय का तुम्हाला?”

“इंच.”

“मग आमच्याकडे कशाला आलात?”

“कळवणं माझं कर्तव्य आहे.”

बाईंनी त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि शिक्का मारला.

मग एक मोजणीवाले आले. त्यांनी दाराचे दोन रंग पाहिले, आत शिरले, पत्रा बोटानं वाजवला आणि काहीतरी लिहिलं. निघताना म्हणाले, “काम छान घट्ट केलंय हं. दोन्ही भिंती मस्त धरून ठेवल्यात.” हॅपगुडसाहेब खूश झाले. त्यांनी मोजणीवाल्यांना चहासुद्धा दिला.

दहा दिवसांनी पत्र आलं. आपल्या अर्जाला मंजुरी देण्यात येत आहे. मात्र चौदा व सोळा क्रमांकांची घरं आता एका अखंड छपरानं जोडली गेली असल्यामुळे दोन्हींची नोंद यापुढे जोडघर अशी करण्यात येईल. हे मान्य नसल्यास अठ्ठावीस दिवसांत छप्पर काढून टाकावं.

हॅपगुडसाहेब मटकन खुर्चीत बसले.

“काय झालं?” विनिफ्रेडबाईंनी विचारलं.

“विनी, आपण जोडले गेलो.”

“कोणाशी?”

“सोळा नंबरशी. सरकारदरबारी.”

बाईंनी पत्र वाचलं. “मग घर हललं का कुठे? भिंती तिथेच आहेत ना?”

बायकोशी बोलण्यात अर्थ नव्हता. भिंती तिथेच होत्या, पण त्यांची इज्जत गेली होती. सात वर्षं जे मिरवलं, ते एका पत्र्यानं गेलं. आणि नियम चार! ‘कोणताही भाग’! छप्पर म्हणजे भाग नव्हे असं ते कुठल्या तोंडानं म्हणणार होते? संघाच्या सचिवाचं कर्तव्य स्पष्ट होतं. त्यांनी त्या दिवशीच संघाच्या कागदावर श्री. एल. हॅपगुड यांना पत्र टाइप केलं: आपल्या घराच्या बदललेल्या स्वरूपामुळे येत्या शनिवारच्या सभेत आपलं व मिस्टर टफनेल यांचं सभासदत्व रद्द करण्याचा ठराव मांडण्यात येईल, तत्पूर्वी छप्पर काढल्यास ठराव मागे घेण्यात येईल. आपला विश्वासू, एल. हॅपगुड, मानद सचिव. पत्र पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी विनिफ्रेडबाई ते घेऊन आल्या.

“तुझं पत्र तुला आलंय.”

हॅपगुडसाहेबांनी पाकीट सुरीनं उघडलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला. भाषा फारच कडक होती.

छप्पर काढायचं, एवढंच होतं. टफनेलसाहेबांना रीतसर विचारलं, तर नेहमीप्रमाणे पोस्टानं उत्तर आलं की आपली सोय तीच माझी सोय. शुक्रवारी संध्याकाळी चहा झाल्यावर हॅपगुडसाहेब शिडी, पेचकस आणि टॉर्च घेऊन फटीचं हिरवं-पिवळं दार उघडून आत गेले.

आत टफनेलसाहेब बसले होते. एका छोट्या तिपाईवर, भिंतीला पाठ टेकून, गुडघ्यांवर घोंगडी, मांडीवर थर्मास. टॉर्चचा उजेड तोंडावर पडताच ते चोरी पकडल्यासारखे दचकले.

“क्षमा करा, मिस्टर हॅपगुड. मी माझ्या अकरा इंचांतच आहे.”

“अर्थातच, अर्थातच,” हॅपगुडसाहेब म्हणाले.

तेवढ्यात हवेच्या जाळीतून आवाज आला. स्वयंपाकघरात रेडिओवर रहस्यनाटक चाललं होतं, आणि विनिफ्रेडबाई भांडी विसळता विसळता त्यातल्या नायिकेशी बोलत होत्या. “अगं बये, उघडू नकोस ते दार! तो आत आहे! … उघडलंस ना? घे, मर आता.”

टफनेलसाहेबांच्या ओठांवर हसू आलं, आणि ते त्यांनी लगेच गिळलं. “मिसेस टफनेलही बोलायच्या. रेडिओशी.” एवढं बोलून ते घोंगडीच्या घड्या घालायला लागले. “माझ्याकडे आहे रेडिओ. पण नुसता रेडिओच वाजतो हो त्यात.”

म्हणजे छप्पर झाल्यापासून रोज संध्याकाळी हा माणूस इथे, थंडीत, दुसऱ्याच्या बायकोच्या भांड्यांचा आवाज ऐकत बसत होता. हॅपगुडसाहेबांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याबद्दल अवघडल्यासारखंही वाटलं.

“ते छप्पर…” ते म्हणाले.

“हो, हो. काढायलाच हवं. नियम म्हणजे नियम. मी शिडी धरतो.”

आणि त्यांनी खरंच धरली. हॅपगुडसाहेबांनी वर चढून पहिला स्क्रू काढला, खिशात टाकला. दुसरा काढला. खालून टफनेलसाहेब म्हणाले, “परवा, रविवारी शेवटचा भाग आहे म्हणे. पण ते काही विशेष नाही.”

हॅपगुडसाहेबांनी तिसऱ्या स्क्रूला पेचकस लावला, आणि न फिरवताच काढून घेतला. मग म्हणाले, “हा जरा गंजलाय,” आणि खाली उतरले. स्क्रू नवा कोरा होता.

“अरे, मग त्यांना आत बोलाव ना!” सगळं ऐकल्यावर विनिफ्रेडबाई म्हणाल्या. “इथे बसतील टेबलापाशी, गरम चहा देईन. तुझं छप्परही निघेल.”

“आत? विनी, आपली ओळख जेमतेम सात वर्षांची आहे.”

“त्यात काय?”

“बोलावलं तर ते येतील?”

बोलावलं असतं तर टफनेलसाहेबांनी मनापासून आभार मानले असते, काहीतरी काम असल्याचं सांगितलं असतं, आणि आपण ऐकत होतो हे बाईंनाही कळलंय या लाजेनं पुन्हा कधी जाळीजवळ फिरकले नसते. हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

“नाही येणार,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी रेडिओ उचलून जाळीच्या खालीच ठेवला.

हॅपगुडसाहेबांनी शनिवारी सकाळी उठून दोन्ही स्क्रू परत बसवले. दुपारी पिनॉकबाईंच्या दिवाणखान्यात सभा झाली. सचिवांनी सचिवांविरुद्धचा ठराव स्पष्ट आवाजात वाचून दाखवला.

“लेनर्ड, दोन तासांचं काम होतं,” पिनॉकबाई हळूच म्हणाल्या. “काढायचा होता पत्रा.”

“हो.”

“मग?”

“हिवाळा आहे,” हॅपगुडसाहेब म्हणाले.

ठराव मताला टाकला. कुणाचाच हात वर जाईना. सगळे केककडे बघत बसले. शेवटी हॅपगुडसाहेबांनी स्वतःच हात वर केला, तेव्हा इतरांना धीर आला. ठराव एकमतानं मंजूर, असं त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, वही बंद करून पिनॉकबाईंच्या हातात दिली आणि टोपी घेतली. त्यांना वाटलं होतं की बाहेर पडल्यावर फार अपमानित वाटेल. तसं वाटलंच. कोपऱ्यावरच्या जोडघराच्या खिडकीतून कुणीतरी हात हलवला, तेव्हा तर त्यांचे कान लाल झाले.

रविवारी संध्याकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना ते स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून फटीत गेले.

“गळतंय का ते बघायला आलो होतो,” ते म्हणाले.

“बघा ना, बघा,” टफनेलसाहेब म्हणाले. स्टुलाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

बावीस इंचांत दोन माणसं शेजारी बसू शकत नाहीत. हॅपगुडसाहेब मागे बसले, एसटीत बसावं तसे, आणि पाऊण तास त्यांना टफनेलसाहेबांची मान आणि मफलर एवढंच दिसत होतं. नाटक संपलं. खून डॉक्टरनं केला होता. “सांगितलं होतं मी!” आतून विनिफ्रेडबाई कडाडल्या, आणि रेडिओ बंद झाला.

आता उठायला हवं होतं. कुणी उठलं नाही. मान न वळवता टफनेलसाहेब म्हणाले, “माझ्या बेरिलला पहिल्याच भागात कळलं असतं.”

यावर ‘असं का’ म्हणून आपल्या घरी जाणं, ही लार्चमीअर ॲव्हेन्यूची रीत. हॅपगुडसाहेबांनी घसा खाकरला. त्यांना घाम फुटला होता.

“कशा होत्या त्या?” त्यांनी विचारलं.

टफनेलसाहेब उठले आणि तिपाई उचलून वळायला लागले. तिथे वळणं सोपं नव्हतं. कोपर भिंतीला लागलं, थर्मास पडला, हॅपगुडसाहेबांना स्टुलासकट दोनदा मागे सरकावं लागलं, आणि दोघंही पुन्हापुन्हा ‘क्षमा करा’ म्हणत होते. शेवटी एकदाचे ते समोरासमोर बसले, गुडघ्याला गुडघे लागलेले. टफनेलसाहेबांनी घोंगडीचं एक टोक त्यांच्या गुडघ्यांवर सारलं, आणि सांगायला सुरुवात केली.